तिसऱ्या साच्याची मजुरी

जुलै २०२५ मध्ये टीसीएसने जाहीर केलं की वर्षभरात सुमारे १२ हजार लोक कमी करणार, म्हणजे एकूण माणसांच्या साधारण २ टक्के, आणि तेव्हापासून पुण्यात चार आयटीवाले जिथे जमतील तिथे एकच वाद चालू आहे. हिंजवडीतली चहाची टपरी असो नाहीतर सोसायटीची गणपतीची मीटिंग असो. एक गट म्हणतो एआय सगळ्यांच्या नोकऱ्या खाणार, पाच वर्षांत कोडिंग हा धंदाच उरणार नाही, पोरांना दुसरं काहीतरी शिकवा. दुसरा गट म्हणतो घाबरू नका, एआय तुमची जागा घेणार नाही, एआय वापरणारा माणूस घेईल, तेव्हा कोर्स करा, स्किल वाढवा. मी चौदा वर्षं या धंद्यात आहे आणि मला मनापासून वाटतं की दोन्ही गट भलत्याच जागी भांडतायत. दोघंही नोकरी राहणार की जाणार एवढंच मोजतात, पगाराचं कोणी बोलत नाही. पाच दिवसांचं काम तीन दिवसांत होत असेल तर वाचलेल्या दोन दिवसांचे पैसे जातात कुठे? क्लायंटकडे, कंपनीकडे, की ज्याने ते काम केलं त्याच्याकडे? आमचा पगार टूल किती हुशार आहे यावर कधीच ठरला नाही, कोणाला कोणाची किती गरज आहे आणि मागणारा एकटा आहे की सगळ्यांच्या सोबत आहे यावर ठरत आलाय. हे एकदा लक्षात आलं की एआयवरची अर्धी चर्चा गैरलागू होते आणि उरलेली अर्धी फार निकडीची होते.

आधी फ्रेशरचं बघू, कारण तिथे आकडे सगळ्यांना पाठ आहेत. २०११-१२ च्या सुमारास मोठ्या सर्व्हिस कंपन्यांचं कॅम्पस पॅकेज सव्वातीन लाखांच्या आसपास होतं. आज तेच पॅकेज ३ लाख ३६ हजार ते ३ लाख ६० हजार आहे. महागाई मोजायचा जो ग्राहक किंमत निर्देशांक, तो २०१२ साली १०० धरला तर २०२५ मध्ये १९० च्या पुढे गेलेला होता. म्हणजे किमती जवळजवळ दुप्पट आणि पॅकेज जिथल्या तिथे, थोडक्यात फ्रेशरचा खरा पगार निम्म्याजवळ आलाय. आता मला सांगा, यातला एआयचा हात किती? चॅटजीपीटी आलं ३० नोव्हेंबर २०२२ ला. त्याआधीची दहा वर्षं हा पगार कोणी दाबून ठेवला होता? त्या दहा वर्षांत आमची कामाची पद्धत पार बदलली, क्लाऊड आला, कोडमधले बदल सांभाळणारं गिट आलं, नवा कोड चालू करायचं जे डिप्लॉयमेंट करायला शनिवारी रात्रभर जागायचो ते एका बटणावर आलं, एकेक माणूस आधीच्यापेक्षा कितीतरी जास्त काम काढायला लागला. काम वाढलं की पगार आपोआप वाढतो हे खरं असतं तर फ्रेशरचा पगार तेव्हाच वाढला असता. वाढला नाही, कारण दरवर्षी लाखो इंजिनिअर कॉलेजमधून बाहेर पडत होते आणि एकाने नाही म्हटलं तर मागे दहा उभे होते.

आणि पगार वाढला कधी, तर २०२१-२२ मध्ये. कोविडनंतर जगभरातल्या कंपन्यांना एकदम सगळं ऑनलाइन हवं होतं, माणसं मिळत नव्हती, इन्फोसिसचा नोकरी सोडून जाणाऱ्यांचा दर जून २०२२ च्या तिमाहीत २८.४ टक्क्यांवर गेला होता. तेव्हा माझ्या टीममधली चार वर्षं अनुभवाची पोरं पगार दुप्पट करून गेली. ती काय एका रात्रीत दुप्पट कोड लिहायला लागली होती? नाही. तीच पोरं, तेच काम, फक्त त्यांना नाही म्हणता येत होतं. पुढच्या वर्षी वारं फिरलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये विप्रोने साडेसहा लाखांची ऑफर हातात असलेल्या फ्रेशरना विचारलं की साडेतीन लाखांवर येता का. ती मुलं तीन महिन्यांत निम्मी हुशार झाली होती असं कोणी म्हणेल का?

मग एआयने काहीच बदललं नाही का? बदललंय, आणि ते मी रोज बघतो. आमच्याकडे परदेशातल्या एका वित्त कंपनीची कर्जाची सिस्टिम आहे, जावातली, बारा वर्षं जुनी. पूर्वी एखाद्या जुन्या मॉड्यूलला टेस्ट, म्हणजे कोड बरोबर चालतो का ते तपासणारे छोटे प्रोग्राम, लिहायच्या म्हणजे दोन दिवस मान खाली घालून बसायला लागायचं, आता ते दुपारच्या जेवणापर्यंत होतं. डेटाबेसवर चालणारी तीन हजार ओळींची एसक्यूएल प्रोसिजर, जी लिहिणारा माणूस केव्हाच कंपनी सोडून गेला, ती काय करते हे दहा मिनिटांत समजतं. हे नाकारणं खोटेपणा होईल. पण गेल्या पावसाळ्यातली गोष्ट सांगतो. कर्जदाराने मधेच मोठी रक्कम भरली तर उरलेलं व्याज परत कसं मोजायचं, एवढाच बदल होता. पूर्वी आम्ही याला पाच दिवस लावले असते, या वेळी वरून सांगण्यात आलं की एआयचं टूल आहे, दोन दिवस धरा. टूलने कोड वीस मिनिटांत दिला आणि सुंदर दिला, टेस्टही त्यानेच लिहिल्या, सगळ्या हिरव्या, म्हणजे पास. मला मात्र एक आकडा खटकत होता, फरक थोडाच होता पण होता. दीड दिवस शोधल्यावर सापडलं की या एका जुन्या कर्जप्रकाराचं व्याज वर्षाचे ३६० दिवस धरून मोजतात, महिना तीसचा, आणि टूलने ३६५ धरले होते. कोडमध्ये ते एका कॉन्फिगरेशन टेबलात दडलेलं, डॉक्युमेंटमध्ये कुठेच नाही, मला माहीत होतं कारण २०१७ साली याच गोष्टीवरून आम्ही एक रविवार ऑफिसात काढला होता. टेस्ट पास झाल्या कारण टेस्ट लिहिणाऱ्यानेही ३६५ च धरले होते. कोड लिहिणारा आणि तपासणारा एकच असेल तर चूक पकडायची कोणी?

त्या कामाला शेवटी चार दिवस लागले. वर्षाअखेरीच्या अप्रेझलमध्ये मला विचारण्यात आलं की टूल हाताशी असताना दोनाचे चार दिवस का झाले. आणि त्याच अप्रेझलमध्ये, जी कामं खरंच अर्ध्या वेळात झाली होती त्यांच्याबद्दल म्हणाले की ती तर टूलने केली. म्हणजे वेळ वाचला तर श्रेय टूलचं, वेळ लागला तर दोष माझा. मला राग आला तो वाढ चार टक्के मिळाली म्हणून नाही, तो हिशोब मांडायची पद्धत बघून आला, कारण या पद्धतीने मांडला तर माझ्या बाजूला कधीच काही जमा होणार नाही.

आता या धंद्यात पैसा कसा फिरतो ते बाहेरच्यांना सांगायला हवं, त्याशिवाय पगाराचं गणित कळत नाही. सर्व्हिस कंपनी क्लायंटला माणसांचे तास विकते. माझ्या एका तासाचा दर ठरलेला असतो, मला मिळतो त्याचा एक भाग, बाकीच्यात ऑफिस, बस, बेंचवर (म्हणजे प्रोजेक्टविना) बसलेली माणसं, सेल्सवाले आणि नफा. नफा टिकवायला प्रोजेक्टचा पिरॅमिड लागतो, खाली भरपूर फ्रेशर, वर थोडे माझ्यासारखे, कारण फ्रेशर स्वस्त पडतो आणि क्लायंटला त्याचाही दर लावता येतो. एआय आलं तसं क्लायंट कॉन्ट्रॅक्टच्या रिन्यूअलला म्हणायला लागला की तुमची माणसं आता जास्त काम काढतात ना, मग बिल कमी करा. कंपनी थोडं कमी करते, कारण नाही केलं तर दुसरी कंपनी करायला तयार आहे. मग कंपनी तो खड्डा भरून काढते तो खालून, पिरॅमिडच्या तळातली माणसं कमी घेऊन आणि मधल्यांची वाढ लांबवून. टीसीएसनेही २०२५ ची एप्रिलची पगारवाढ पुढे ढकलली आणि ती सप्टेंबरपासून दिली, बहुतेकांना साडेचार ते सात टक्क्यांच्या घरात. हे त्या वर्षीचं, ज्याच्या आधीच्या आर्थिक वर्षात कंपनीचा निव्वळ नफा ४८ हजार कोटींच्या वर होता.

वरच्या माणसांचं तसं नसतं. इन्फोसिसचे सीईओ सलील पारेख यांचं उत्पन्न २०२३-२४ मध्ये ६६ कोटींच्या पुढे होतं, २०२४-२५ मध्ये ८० कोटींच्या पुढे गेलं. त्यातला मोठा भाग शेअरचा आहे हे मला माहीत आहे, आणि माझा मुद्दा तोच आहे. वरच्या खुर्चीतल्या माणसाच्या करारात लिहिलेलं असतं की कंपनीचं भलं झालं की त्याचं किती भलं होणार. हिशोब आधी ठरलेला, कागदावर. खालच्या माणसाला मिळतो तो बेल कर्व्ह, म्हणजे ठरावीक टक्के लोकांनाच चांगलं रेटिंग, आणि ‘या वर्षी मार्केट टाइट आहे’ हे वाक्य.

हा प्रश्न नवीन आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी परळ-लालबागचा इतिहास एकदा आठवावा. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत एक विणकर साधारण दोन साचे, म्हणजे माग, सांभाळायचा. मग मालकांनी, त्यातही ससून गटाच्या गिरण्यांनी, नवी पद्धत आणली: विणकराने दोनाऐवजी तीन साचे चालवायचे, कातणाऱ्याने एकाऐवजी दोन बाजू बघायच्या. मालकांचा युक्तिवाद आजच्यासारखाच होता, की सूत चांगलं देतो, सोय सुधारतो, काम सोपं होईल आणि तुझी महिन्याची कमाईही वाढेल. दर साच्यामागची मजुरी मात्र कमी. तीन साचे चालवून हातात येणार होतं ते दीडपट नव्हतं, आणि ज्याचा साचा काढून याला दिला तो घरी. एप्रिल १९२८ मध्ये संप सुरू झाला, दीड लाखाच्या आसपास कामगार जवळजवळ सहा महिने बाहेर होते, लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन त्याच संपातून उभी राहिली, आणि शेवटी सरकारला फॉसेट समिती नेमावी लागली. तिसरा साचा चालवता येतो की नाही हा वाद मुळात नव्हताच. चालवता येत होता. वाद होता तिसऱ्या साच्याच्या मजुरीचा आणि ज्याचा साचा गेला त्याचा. आज माझ्या स्क्रीनच्या उजव्या बाजूला जे टूल उघडं असतं तो माझा तिसरा साचा आहे.

त्याच संपातली आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. साचेखातं म्हणजे गिरणीतलं जास्त पगाराचं खातं, आणि तिथे अस्पृश्य मानलेल्या कामगारांना शिरकावच नव्हता, कारण सांगितलं जायचं की धोट्यातलं सूत तोंडाने ओढावं लागतं, म्हणजे विटाळ होईल. डॉ. आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न लावून धरला. मजुरीचा दर काय यावर सगळे भांडत असताना त्यांनी विचारलं की आमच्या माणसांना त्या दारातून आत येऊ देणार की नाही. आज फ्रेशरच्या बाबतीत मला तेच दिसतं, जातीच्या नियमाने नाही, पण दार तेच. आयटीने महाराष्ट्रात एक मोठं काम केलं, लातूर, जळगाव, सांगली, अंबाजोगाई इथल्या, घरात पहिल्यांदाच इंजिनिअर झालेल्या मुलांना बिनओळखीने, बिनवशिल्याने शहरात पगारी नोकरी दिली. तो सव्वातीन लाखांचा पगार कमी होता, पण ते दार होतं. पिरॅमिडचा तळ कापला की पहिल्यांदा बंद होतं ते हे दार.

ही नुसती भीती नाही, अमेरिकेतल्या आकड्यांत हे दिसायला लागलंय. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ऑगस्ट २०२५ मध्ये इतर कंपन्यांच्या पगाराचं काम बघणाऱ्या एका मोठ्या कंपनीच्या नोंदी तपासल्या. २०२२ च्या शेवटापासून जुलै २०२५ पर्यंत २२ ते २५ वयाच्या सॉफ्टवेअर डेव्हलपरच्या नोकऱ्या जवळपास २० टक्क्यांनी घटल्या, जास्त वयाच्यांच्या तशा घटल्या नाहीत. आणि त्यात एक निरीक्षण आहे ज्यावर आमच्या चर्चांत कोणीच थांबत नाही: फरक पडला तो नोकऱ्यांच्या संख्येत, पगाराच्या आकड्यात फारसा नाही. जे लोक ‘बघा, पगार तर कमी झाले नाहीत’ म्हणतात त्यांना याचा अर्थ समजून घ्यायला हवा. पगारकपात ज्याची झाली तो पगारपत्रकात दिसतच नाही, कारण त्याला घेतलंच नाही. आणि जे आत आहेत त्यांना माहीत असतं की बाहेर किती जण उभे आहेत, त्यामुळे ते वाढ मागत नाहीत.

आता विरोधातले मुद्दे, आणि त्यातले काही खरंच वजनदार आहेत. पहिला असा की पगार थांबायला एआय जबाबदारच नाही. अमेरिकेत मार्च २०२२ पासून व्याजदर शून्याजवळून सव्वापाच टक्क्यांच्या वर नेले, फुकटचा पैसा आटला, कोविडमधली जास्तीची भरती अंगावर आली, शिवाय तिथल्या करकायद्यातल्या बदलाने डेव्हलपरचा पगार एका वर्षात खर्ची टाकता येईना. हे सगळं बरोबर आहे. टीसीएसचे सीईओ कृतिवासन यांनीही ती १२ हजारांची कपात एआयमुळे नाही, कौशल्य आणि गरज यांचा मेळ बसत नाही म्हणून आहे असंच सांगितलं. मला हे मान्य आहे, आणि मान्य केल्यावर माझा मुद्दा आणखी पक्का होतो. कारण बाजार मंद असताना, व्याजदर चढे असताना, कामगार एकटा असताना हे टूल आलंय. हेच टूल २०२१ मध्ये आलं असतं तर आम्ही म्हणालो असतो की दीडपट काम काढतो, दीडपट द्या, आणि कदाचित मिळालंही असतं. टूल तेच, वेळ वेगळी, वाटणी वेगळी.

दुसरा मुद्दा असा की एआयने वेग वाढतो हेच मुळात सिद्ध नाही. मेटर या संस्थेने २०२५ मध्ये १६ अनुभवी डेव्हलपर घेऊन, त्यांच्याच ओळखीच्या प्रोजेक्टमधल्या २४६ कामांवर प्रयोग केला, आणि एआय वापरल्यावर त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला, त्यांना स्वतःला मात्र वाटत होतं की आपण २० टक्के वेगात केलं. छोटा प्रयोग आहे, टूल तेव्हाची आहेत, त्यावर फार मोठं घर बांधू नये. पण माझ्या ३६० दिवसांच्या गोष्टीशी तो जुळतो, आणि पगाराच्या दृष्टीने तर तो भयंकर आहे, कारण एस्टिमेट, म्हणजे कामाला किती दिवस लागतील याचा अंदाज, आधी कापलं जातं, वेग नंतर येतो किंवा येत नाही. क्लायंटने सूट वेग बघून मागितलेली नसते, वेगाची जाहिरात बघून मागितलेली असते. मधला जो फरक राहतो तो कोणाच्या रात्रींतून भरला जातो हे प्रत्येक डेव्हलपरच्या घरच्यांना विचारा.

तिसरा मुद्दा सगळ्यात ताकदीचा, बँकांचा. ऐंशीच्या दशकात बँकांत कॉम्प्युटर येणार म्हटल्यावर युनियनने केवढा विरोध केला, आणि काय झालं, बँका वाढल्या, नोकऱ्या वाढल्या, माझा काका बँकेत क्लार्क होता तो चांगल्या पेन्शनवर निवृत्त झाला. मग आता तुम्ही कशाला ओरडता? हा दाखला देणारे लोक गोष्टीचा मधला तुकडा गाळतात. १९८३ मध्ये बँकांची संघटना आणि कर्मचाऱ्यांच्या युनियन यांच्यात यंत्रांबद्दल रीतसर करार झाला. यंत्रं कुठल्या कामाला, किती प्रमाणात, ती चालवणाऱ्याला जादा भत्ता काय, हे वाटाघाटीत ठरलं, पुढच्या करारांत वाढत गेलं. मी लहान असताना काकाच्या तोंडी ‘कॉम्प्युटर अलाउन्स’ हा शब्द ऐकलाय. खातेवहीच्या नोंदी करणाऱ्या लेजर मशीनवर बसणाऱ्याला त्या मशीनवर बसायचे पैसे मिळत होते! आज एआय वापरणाऱ्या कुठल्या डेव्हलपरला त्याचा भत्ता मिळतो? उलट न वापरणाऱ्याला रेटिंग कमी मिळतं. बँकेतलं यंत्र कर्मचाऱ्याला लाभलं ते करारामुळे, आणि तो करार विरोध केल्याशिवाय टेबलावर आलाच नसता. तेव्हा हा दाखला माझ्या बाजूचा आहे.

चौथा मुद्दा, सॉफ्टवेअर स्वस्त झालं की मागणी वाढेल, जास्त लोक लागतील. हे होऊ शकतं. परदेशी कंपन्यांची स्वतःची केंद्रं भारतात २०२३-२४ मध्येच सतराशेच्या वर गेली होती, त्यांत तेव्हा १९ लाखांच्या आसपास लोक काम करत होते, आणि तिथे पगार सर्व्हिस कंपनीपेक्षा चांगले आहेत, खराडी-बालेवाडीत त्यांच्या बिल्डिंगा उभ्या राहताना मी बघतोय. ज्याच्याकडे दहा वर्षांचा चांगला अनुभव आहे आणि ज्याला ही टूल नीट वापरता येतात त्याचे दिवस चांगले आहेत, हेही खरं. पण मागणी वाढली म्हणजे मजुरी वाढतेच असं कुठे आहे? भिवंडीत यंत्रमागावर मुंबईच्या गिरण्यांपेक्षा स्वस्त कापड निघायला लागलं, त्याची मागणी प्रचंड वाढली, माग वाढले, कामगार वाढले, आणि त्या कामगाराच्या वाट्याला आली बारा तासांची पाळी आणि मीटरवर मजुरी. कापड वाढणं आणि कापड विणणाऱ्याचं भलं होणं यांच्यामध्ये काहीतरी लागतं.

इथे हमखास कोणीतरी १९८२ काढतं. माझ्या वडिलांच्या पिढीतले लोक तर लगेच काढतात, की युनियन करा आणि गिरण्यांसारखं सगळं बंद पाडा. या भीतीला मी हसत नाही, कारण त्या संपात लोकांची घरं बसली. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तो संप रीतसर कधी मागेच घेतला गेला नाही, आणि गिरणगावाचं पुढे काय झालं ते लोअर परळच्या काचेच्या टॉवरांकडे बघितलं की कळतं. पण त्यातून शिकायचं काय? १९८२ मध्ये मालकाला थांबायला परवडत होतं. कापड भिवंडीहून येत होतं, यंत्रं जुनी झाली होती, पायाखालची जमीन कापडापेक्षा महाग होत चालली होती. कामगाराची गरज संपत आली असताना संप झाला. मागण्या चुकीच्या नव्हत्या, वेळ हातातून गेली होती. आमची वेळ अजून गेलेली नाही. तो ३६० चा आकडा आज तरी माणसाच्याच डोक्यात आहे, टूलने लिहिलेल्या कोडवर सही माणसाचीच लागते, प्रॉडक्शन, म्हणजे क्लायंटची चालू सिस्टिम, बंद पडलं की रात्री दोनला फोन माणसालाच येतो. हे अजून चार वर्षं राहील की दहा, कोणीच सांगू शकत नाही, म्हणूनच मागायचं ते आत्ता.

आणि मागायचं काय? माझ्या मते सगळ्यात आधी तपासणीचे तास. टूलने कोड दिल्यावर तो वाचणं, चूक शोधणं, जबाबदारी घेणं हे काम आहे, ते एस्टिमेटमध्ये दिसलं पाहिजे, बिलात दिसलं पाहिजे आणि पगारात दिसलं पाहिजे. दुसरं, एआयच्या नावाने दिवस कापले असतील तर किती कापले आणि त्यातून जे वाचलं त्याचा टीमला काय हिस्सा, हे वर्षाच्या सुरुवातीला लिहून द्या, अप्रेझलच्या खोलीत शेवटी सांगू नका. तिसरं, प्रत्येक प्रोजेक्टवर शिकाऊ मुलांच्या काही जागा राहिल्या पाहिजेत, कारण मला २०१७ चा तो रविवार आठवतो तो मी तेव्हा ज्युनिअर म्हणून तिथे बसलो होतो म्हणून. आज ज्युनिअर घेतलेच नाहीत तर २०३५ मध्ये ते टूल चुकतंय हे ओळखणार कोण?

यातलं काहीही एकट्याने मागून मिळत नाही. मी एकट्याने मागून बघितलंय. आपल्याकडे आयटीवाल्याला कामगार म्हणवून घ्यायची लाज वाटते, गळ्यात आयडी कार्ड आलं की आपण मॅनेजमेंटच्या बाजूचे झालो असं वाटतं. पुण्यात नाइट्स ही आयटी कर्मचाऱ्यांची संघटना काही वर्षं काम करते आहे, लांबवलेले जॉइनिंग आणि जबरदस्तीचे राजीनामे यांच्या तक्रारी कामगार खात्यापर्यंत नेते, पण माझ्या फ्लोअरवरच्या बहुतेकांना तिचं नाव आठवतं ते नोकरी जायच्या आठवड्यात. राजीनाम्याचंही समजून घ्या. कपात केली तर कायद्याने नुकसानभरपाईचा प्रश्न येतो, तुम्ही राजीनामा लिहून दिलात की कपात झालीच नाही, तुम्ही स्वतःहून गेलात. बंद खोलीत एचआरसमोर एकटा बसलेला माणूस अर्ध्या तासात सही करतो. बरोबर एक माणूस असता तर त्याने निदान विचारलं असतं की आज सही नाही केली तर काय होईल.

आमच्या टीममध्ये अंबाजोगाईचा एक मुलगा आहे, दीड वर्षं झालं लागून, वडील एसटीत मेकॅनिक. हातात चोवीस-पंचवीस हजार येतात, नऊ हजार वाकडच्या पीजीला जातात, शैक्षणिक कर्जाचा हप्ता वेगळा. त्याने मला विचारलं, दादा, मी कोड लिहितोय की टूल लिहितंय हेच कळत नाही, मग मी पगार वाढवून मागू कसा? मी त्याला त्या दिवशी नीट उत्तर देऊ शकलो नाही. नंतर त्याला घेऊन बसलो आणि त्याने महिनाभरात टूलच्या किती चुका पकडल्या त्याची यादी केली. एकवीस निघाल्या. त्यातल्या दोन पैशांच्या हिशोबातल्या होत्या, क्लायंटपर्यंत गेल्या असत्या तर महागात पडल्या असत्या.

मागच्या महिन्यात पुढच्या रिलीजचं एस्टिमेट आलं तेव्हा आम्ही सहा जणांनी आधी ठरवून शीटमध्ये ‘तपासणी’ अशी एक वेगळी ओळ टाकली, प्रत्येक कामापुढे दिवस भरून, आणि त्या एकवीस चुकांची यादी सोबत जोडली. मॅनेजरने ती ओळ दोनदा काढली, आम्ही दोनदा परत टाकली, कोणीही एकट्याने बोलायला गेलं नाही. तिसऱ्यांदा शीट तशीच क्लायंटकडे गेली. क्लायंटने एक-दोन प्रश्न विचारले आणि आम्ही लावलेल्या नऊ दिवसांतले सहा मंजूर केले. ते सहा दिवस आता बिलात आहेत, आमच्या पगारात अजून आलेले नाहीत, आणि एप्रिलमध्ये अप्रेझलला सहाही जण तीच शीट घेऊन जाणार आहोत.